अंदाजपत्रक हातात पडलं की आधी काय बघायचं? (एका माजी नगरसेविकेचा अनुभव, तुमचेही लिहा)

कृष्णाकाठ

डिसेंबरात नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. चार वर्षं प्रशासकांच्या हाती असलेल्या सभागृहांत पुन्हा लोकांनी निवडून दिलेली माणसं बसली. आमच्या गावात निम्म्याहून जास्त चेहरे नवीन आहेत. सत्काराचे हार सुकतायत तोवर फेब्रुवारी आला, म्हणजे अंदाजपत्रकाची विशेष सभा आली. गेल्या रविवारी नव्या नगरसेविकांपैकी तिघी घरी आल्या. पिशवीतून अंदाजपत्रकाचा मसुदा काढला आणि म्हणाल्या, "ताई, हे वाचायचं कसं तेवढं सांगा." तीनदा चहा झाला. त्यांना जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते. दुसऱ्या गावातल्या कुणाला उपयोग झाला तर बरंच.

मी २०१६ च्या निवडणुकीत निवडून आले. आमची नगरपरिषद ब वर्ग, म्हणजे ४० हजारांच्या वर आणि १ लाखाच्या आत लोकसंख्या. पहिल्या वर्षी अंदाजपत्रक हातात पडलं ते सभेच्या चार दिवस आधी. सत्तर-ऐंशी पानं, सगळी रकान्यांची. घरी कुणाला कळेना, मलाही कळेना, आणि विचारायची लाज वाटली. सभेत पीठासनावरून विषय वाचला गेला, एकाने सूचना मांडली, दुसऱ्याने अनुमोदन दिलं, सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. पाऊण तासात वर्षभराचा पैसा मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'शिल्लकी अंदाजपत्रक एकमताने मंजूर'.

त्यानंतरच्या मंगळवारची गोष्ट. आमच्याकडे मंगळवारी आठवडी बाजार भरतो. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून बायका पहाटेच्या एसटीने भाजी घेऊन येतात. त्यातल्या एका मावशींना मी पाणी देऊ केलं, तर म्हणाल्या, "नको गं बाई. आता पाणी प्याले तर दुपारी जाऊ कुठं?" सकाळी सहापासून संध्याकाळी घरी पोचेपर्यंत त्या पाणी पीत नाहीत. उन्हाळ्यातसुद्धा. आणि बाजाराच्या कोपऱ्यात शौचालय होतं! टाईल्स लावलेलं, रंग दिलेलं, वर फलक. फक्त कडीला कुलूप. किल्ली कुणाकडे ते बाजारात एकालाही सांगता येईना.

घरी येऊन ते अंदाजपत्रक पुन्हा काढलं, आणि या वेळी एकच गोष्ट शोधायची ठरवली: हे कुलूप कुठल्या पानावर आहे?

सापडलं. खर्चाच्या बाजूला दोन वेगळ्या ठिकाणी शौचालयं होती. भांडवली खर्चात, म्हणजे नवं बांधण्या-घेण्याच्या खर्चात, 'सार्वजनिक शौचालय बांधणे', तिथे भरघोस तरतूद, कारण त्याला वरून योजनेचा पैसा होता. महसुली खर्चात, म्हणजे रोजचं चालवायच्या खर्चात, 'शौचालय देखभाल दुरुस्ती', तिथे चिमूटभर रक्कम, आणि तीसुद्धा मैला उपसणाऱ्या गाडीच्या डिझेलवर खर्ची पडत होती. बाजारातल्या शौचालयाच्या पंपाचं वीजबिल थकलं होतं म्हणून मीटर काढून नेला होता. पाणी नाही म्हणून झाडणारी येत नव्हती. झाडणारी येत नाही म्हणून कुलूप.

नव्या सदस्यांना मी हीच एक गोष्ट परत परत सांगते. आपल्याकडे बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. वाचनालयाची इमारत होते, पुस्तकं आणि ग्रंथपाल होत नाहीत. दवाखान्याला खोल्या होतात, नर्सचा पगार होत नाही. बागेला कारंजं बसतं, माळी नसतो. कोनशिला भांडवली खर्चाला बसते, महसुली खर्चाला कोनशिला नसते. म्हणून अंदाजपत्रक हातात आलं की भांडवली कामांची यादी बाजूला ठेवा आणि आधी महसुली खर्चाची पानं उघडा. गावातली सेवा तिथे असते.

रकाने वाचताना एक सोपी युक्ती. प्रत्येक लेखाशीर्षासमोर (खर्चाच्या किंवा जमेच्या नावासमोर, बोलताना 'हेड') मागच्या वर्षांचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची मंजूर तरतूद, चालू वर्षात आतापर्यंत झालेला खर्च आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे आकडे असतात. पट्टी घेऊन बसायचं. मंजूर तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांच्यात जिथे मोठी दरी दिसेल तिथे पेन्सिलीने गोल करायचा. तरतूद पाच लाख आणि खर्च शून्य असं तीन-तीन वर्षं चाललं असेल, तर ते काम कुणाला करायचंच नाही किंवा करता येत नाही. दोन्हीपैकी काय ते सभेत विचारायचं. आणि जिथे एक हजार किंवा नुसता एक रुपया ठेवलेला दिसेल तिथे हुरळून जायचं नाही. ते हेड फक्त उघडं ठेवलेलं असतं.

पुढच्या वर्षी मी लेखी उपसूचना, म्हणजे मसुद्यात बदल सुचवणारी सूचना, दिली. तोंडी बोललेलं इतिवृत्तात येईलच असं नाही, लेखी दिलेलं नोंदवावं लागतं. 'सत्कार व समारंभ' मधून काही रक्कम कमी करून ती शौचालय देखभालीला द्यावी, थकलेलं वीजबिल भरावं, आणि बाजारातलं शौचालय महिला बचत गटाला चालवायला द्यावं. थोडी कुरबूर झाली, पण मंजूर झालं. मला वाटलं, जिंकलो! प्रत्यक्षात ते वर्ष कोरडं गेलं. प्रस्ताव या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला, निविदेला प्रतिसाद आला नाही, ३१ मार्च उजाडला आणि तरतूद वाया गेली. त्यापुढच्या वर्षी मात्र मी दर पंधरा दिवसांनी फाईल कुठे आहे ते वहीत लिहून ठेवलं आणि ऑगस्टमध्ये कुलूप निघालं. बचत गटातल्या दोघीजणी आळीपाळीने बसायच्या. मावशींनी पाण्याची बाटली आणायला सुरुवात केली. त्या बाटलीला त्यांनी ओलं फडकं गुंडाळलेलं असायचं, गार राहावं म्हणून.

आमची मुदत संपली, प्रशासक आले, बचत गटाचा करार संपला तो पुढे वाढवला नाही. कुलूप परत लागलं. म्हणून मी हा धागा काढतेय.

---

नवाभिडू

ताई, अगदी वेळेवर लिहिलंत. मी विदर्भातल्या एका क वर्ग (ब वर्गाहून लहान) नगरपरिषदेत पहिल्यांदाच निवडून आलोय, वय २९. सभा पुढच्या आठवड्यात आहे. मसुदा चाळला तर पहिल्याच पानावर एवढी मोठी 'आरंभीची शिल्लक' दिसतेय की मला वाटलं, पैशाला तोटा नाही! मग प्रभागातल्या नालीसाठी सहा महिन्यांपासून 'निधी नाही' का सांगतात? हे गणित काही जमत नाही.

---

निवृत्त_लेखापाल

नवाभिडू, याचं उत्तर मी देतो. आयुष्य नगरपरिषदांच्या लेखा विभागात गेलं आहे.

ती आरंभीची शिल्लक बहुतांशी तुमची नाही. ती शासनाच्या निरनिराळ्या योजनांची अखर्चित रक्कम असते. ज्या कामाला आली त्याच कामाला वापरायची, नाहीतर परत करायची. वित्त आयोगाचंच बघा. १५ व्या वित्त आयोगाच्या अनुदानात लहान शहरांसाठी ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित अशी विभागणी होती. बंधित म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता, घनकचरा यांसाठीच. त्यातून तुम्हाला वाचनालयाचं छत दुरुस्त करता येत नाही.

जमेच्या बाजूलाही असंच आहे. घरपट्टीच्या बिलात शिक्षण कर आणि रोजगार हमी कर असतो. तो आपण गोळा करतो, पण तो शासनाचा. कर्मचाऱ्यांचे पगार प्रामुख्याने सहायक अनुदानावर चालतात. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली, त्या बदल्यात हे अनुदान सुरू झालं. म्हणजे हातात खरा मोकळा पैसा किती? मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळेभाडं, बाजार फी, विकास शुल्क. एवढाच. यातून दिवाबत्तीचं बिल, पाणीपुरवठ्याचं वीजबिल, डिझेल, कंत्राटी सफाई भागवायची आणि उरेल त्यातून नाली.

तेव्हा पहिल्या पानाची बेरीज विसरा. मुख्याधिकाऱ्यांना लेखी तीन आकडे मागा: स्वउत्पन्न किती, त्यातून बांधील खर्च किती, आणि मागचं दायित्व किती. दायित्व म्हणजे कामं झाली आहेत, बिलं द्यायची राहिली आहेत. हा आकडा अंदाजपत्रकात ठळक दिसत नाही आणि नवीन सदस्य तो कधी विचारत नाहीत. पुष्कळ ठिकाणी पुढच्या वर्षाचा पैसा वर्ष सुरू होण्याआधीच संपलेला असतो.

आता कृष्णाकाठ ताईंना थोडं खटकेल असं बोलतो. महसुली खर्च वाढवा म्हणणं बरोबर आहे. पण तो वाढवायचा तर महसूल वाढवावा लागतो. चतुर्थवार्षिक करआकारणी, म्हणजे दर चार वर्षांनी घरपट्टी नव्याने ठरवणं, आली की सगळ्या पक्षांचे नगरसेवक एका रांगेत उभे राहतात आणि करवाढीला विरोध करतात. निवडणूक जवळ असेल तर विचारूच नका. थकबाकीवर महिना २ टक्के शास्ती लागते, तीसुद्धा माफ करा म्हणून ठराव होतात. जो वेळेवर भरतो त्याने काय पाप केलं? मग अंदाजपत्रक जुळवायला आमच्यासारख्यांना वसुलीचा अंदाज फुगवून लिहावा लागतो. कागदावर शंभर टक्के वसुली, कागदावर शिल्लक. प्रत्यक्षात डिसेंबरातच खडखडाट.

---

कृष्णाकाठ

लेखापाल साहेब, खटकलं नाही. खरं आहे ते. आमच्या वेळी करआकारणी आली तेव्हा विरोधाच्या निवेदनावर माझीही सही होती. लोक दारात येऊन विचारत होते, "ताई, तुम्हाला मत दिलं ते घरपट्टी वाढवायला का?" उत्तर देता आलं नाही, सही केली. वर्षभराने पाणी एक दिवसाआड झालं, कारण जॅकवेलच्या (नदीतून पाणी उपसायच्या विहिरीच्या) वीजबिलाचा भरणा होईना. तेव्हा मला या दोन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या दिसल्या. आज परत तो प्रसंग आला तर मी वाढ कुठे कमी करायची यावर भांडेन, झोपडीला आणि बंद गाळ्याला वेगळा न्याय मागेन, पण सरसकट विरोधाला सही करणार नाही. लोकांना सांगायला हवं होतं की या पैशात तुमचं पाणी आहे. ते सांगायचं काम नगरसेवकाचंच होतं, आणि ते मी केलं नाही.

---

रोखठोक

सगळं पुस्तकी चाललंय. आमच्या प्रभागात चांगले पेव्हर ब्लॉक काढून नवे पेव्हर ब्लॉक बसवतात, दर दोन वर्षांनी. का ते गावाला माहीत आहे. टक्केवारी. देखभालीच्या कामात टक्केवारी सुटत नाही म्हणून देखभाल होत नाही, इतकं साधं आहे. रकाने वाचून हे थांबणार आहे का?

---

कृष्णाकाठ

रोखठोक, तुमचा राग मला समजतो, कारण मी आत बसून हे पाहिलंय. नुसते रकाने वाचून थांबणार नाही, हेही कबूल. पण मी काय करत असे ते सांगते.

माझ्या प्रभागातलं काम मंजूर झालं की मी कार्यादेश आणि एस्टिमेटची प्रत मागून घ्यायची. नगरसेवकाला नाही कसं म्हणणार? त्यात लिहिलेलं असतं की खाली खडीचा थर किती, काँक्रीट कुठल्या प्रतीचं, जाडी किती सेंटिमीटर. मी इंजिनीअर नाही. पण टेप मला लावता येतो. गल्लीतल्या चार बायका आणि एक निवृत्त गवंडी काका यांना घेऊन काँक्रीट ओतायच्या दिवशी सकाळी जाऊन उभं राहायचं. काका फळीची उंची मोजायचे, मी वहीत तारीख घालून लिहायचे. बिल निघण्याआधी मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीत, तेच आकडे आले का ते बघायचं. एकदा चार सेंटिमीटरची तफावत निघाली. ठेकेदाराने आधी आवाज चढवला, मग परत थर दिला. तो रस्ता अजून टिकून आहे, येऊन बघा.

टक्केवारी संपली असं मी म्हणत नाही. त्या एका गल्लीत तेवढ्यापुरती ती जमली नाही.

---

पेठेतला

पुण्यातून लिहितोय. आमच्याकडे नगरसेवकांच्या प्रभागातल्या कामांसाठीच्या तरतुदीला 'सयादी' म्हणतात आणि एका कामाचा पैसा दुसरीकडे वळवला की 'वर्गीकरण'. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे दोन शब्द इथल्या पेपरात रोज असतात. २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं. त्या आकड्यापुढे आपल्या कोपऱ्यावरचा दिवा म्हणजे काय, असं वाटून सामान्य माणूस त्या वाटेला जात नाही.

पण २००६ पासून पुण्यात नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. आपल्या भागातलं ५ लाखांपर्यंतचं काम कुणीही साध्या अर्जावर सुचवू शकतो. अर्ज पावसाळ्यात निघतात, म्हणजे पुढच्या वर्षाची जुळवाजुळव सुरू होते तेव्हा. माझ्या आईला गुडघ्याचा त्रास. आमच्या चौकातला पदपथ एवढा उंच की तिला रस्त्यावरूनच चालावं लागे. मी अर्जात लिहिलं: अमुक चौकात पदपथाला उतार करावा, सोबत फोटो आणि फूटपट्टी लावून मोजलेली उंची. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी झालं. छोटं काम होतं, पण आई आता स्वतः दूध आणायला जाते.

एवढंच सांगायचं की अर्ज जितका नेमका तितकं काम व्हायची शक्यता जास्त. 'रस्ता सुधारावा' असं लिहिलं की त्याचं काहीही होऊ शकतं.

---

आरोहीचा_बाबा

मी नगरसेवक नाही, राजकारणात नाही. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला सेरेब्रल पाल्सी आहे. हा धागा वाचून लिहावंसं वाटलं.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. मला हे एका दुसऱ्या पालकाकडून कळलं. आमच्या नगरपरिषदेत काय होतं ते बघायचं ठरवलं. आपल्या राज्यात २०१८ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात स्थानिक संस्थांच्या कार्यालयात जाऊन फाईल बघता येते. माहिती अधिकाराचा अर्ज टाकून महिनाभर थांबायची गरज नाही. आम्ही पाच पालक गेलो. तीन वर्षांची अंदाजपत्रकं मागितली. तिन्ही वर्षं तरतूद होती. तिन्ही वर्षं खर्चाच्या रकान्यात आडवी रेघ.

का, म्हणून विचारलं. उत्तर मिळालं, गावात दिव्यांग किती आहेत त्याची यादीच नाही, मग वाटप कुणाला करायचं? उत्तर देणारा कारकून काही वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे तीन टेबलांचं काम होतं. म्हणून आम्हीच यादी करायला घेतली. सुट्टीच्या दिवशी घरोघर फिरलो. किती मुलं आतल्या खोलीत असतात ते तेव्हा पाहिलं. एका घरात वीस वर्षांचा मुलगा, कधी प्रमाणपत्रच काढलेलं नाही, कारण जिल्हा रुग्णालयात त्याला न्यायचं कसं हाच प्रश्न.

यादी दिली, तेव्हा प्रस्ताव आला की सगळ्यांना वर्षातून एकदा ठरावीक रक्कम वाटू. काही पालकांना ते हवं होतं, आणि त्यांच्या गरजेपुढे मी बोलणारा कोण? पण आम्ही म्हटलं, निम्मी रक्कम वाटा आणि निम्म्यात पालिकेच्या दवाखान्यातली रिकामी खोली द्या, आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट द्या. आमच्या प्रभागाच्या तेव्हाच्या नगरसेविकेने ते सभेत लावून धरलं. खोली मिळाली. दोन समांतर लोखंडी दांड्या, एक गादी, एक आरसा. फार खर्च नव्हता. आरोही त्या दांड्यांना धरून पहिल्यांदा चार पावलं चालली तो दिवस गुरुवार होता. मी आरशातून बघत होतो, कारण समोरून बघायचं धाडस होईना.

नवीन नगरसेवकांना हात जोडून विनंती. महिला-बालकल्याण, दुर्बल घटक, दिव्यांग, या तीन राखीव निधींचा खर्चाचा रकाना फक्त बघा. रेघ दिसली की विचारा.

---

नवाभिडू

आरोहीचे बाबा, आत्ताच बघितलं. दिव्यांग निधीसमोर आमच्याकडेही दोन वर्षं रेघ आहे. महिला व बालकल्याणसमोर खर्च आहे, सगळा शिलाई मशीन वाटपावर. उद्या विचारतो.

एक शंका. मी विरोधी बाकावर आहे, आम्ही फक्त पाच जण. उपसूचना दिली तरी मतदानात पडणारच. मग देऊन काय फायदा?

---

निवृत्त_लेखापाल

द्या. पडली तरी इतिवृत्तात राहते. लेखापरीक्षक ते वाचतात, जिल्हाधिकारी कार्यालयातही जातं. आणखी एक. उपसूचना देताना पैसा कुठल्या हेडमधून काढायचा तेही लिहा. नुसतं 'अमुकसाठी वीस लाख ठेवा' म्हटलं की आमचा साहेब हसून बाजूला ठेवत असे. 'या हेडला दोन वर्षं खर्च नाही, तिथले तीन लाख इकडे घ्या' असं लिहिलेलं असलं की बाजूला ठेवता येत नसे. आकडा पक्का असला तर सत्ताधारी बाकावरचेही दोन-चार जण गप्प बसतात, आणि पुष्कळदा तेवढं पुरतं.

---

बर्मिंगहॅमकर

मूळची साताऱ्याची, बारा वर्षं इंग्लंडात आहे. विषय तुमचा, पण इथलं थोडं सांगते, कारण लेखापाल साहेबांच्या मुद्द्याचं दुसरं टोक मी बघतेय.

इथे कौन्सिलला, म्हणजे इथल्या पालिकेला, तुटीचं अंदाजपत्रक करताच येत नाही, कायद्याने जमा-खर्च जुळलाच पाहिजे. जुळेना झालं की मुख्य वित्त अधिकारी 'सेक्शन ११४' ची नोटीस काढतो, म्हणजे पैसा पुरत नाही असं जाहीर करतो. बर्मिंगहॅममध्ये ती ५ सप्टेंबर २०२३ ला निघाली. स्त्री कर्मचाऱ्यांना समान वेतन न दिल्याची जुनी देणी आणि फसलेली संगणकप्रणाली ही त्यातली मोठी कारणं. म्हणजे तेच ते दायित्व, वर्षानुवर्षं पुढे ढकललेलं! पुढच्या एप्रिलला कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा कर) ९.९९ टक्क्यांनी वाढला, आणि कायद्याने द्याव्याच लागतात त्या सेवा सोडून बाकीच्यांवर कात्री चालली. वाचनालयांचे तास, तरुणांची केंद्रं, कलासंस्थांची अनुदानं.

मला यात एक गोष्ट आपल्याकडे असावीशी वाटते. इथले बरेच कौन्सिलर महिन्यातून ठरलेल्या दिवशी वाचनालयात किंवा चर्चच्या हॉलमध्ये टेबल टाकून बसतात. त्याला 'सर्जरी' म्हणतात. कुणीही यावं, घराची ओल, कचऱ्याचा डबा, आजारी आईची मदत, काहीही सांगावं. कात्रीच्या काळात मी आमच्या भागातल्या सर्जरीला गेले होते. समोर सत्तरीची एक पंजाबी आजी होती. तिचा मुद्दा एकच, वाचनालय आठवड्यातून दोनच दिवस उघडं राहणार असेल तर तिच्या बैठकीतल्या बायकांना हिवाळ्यात ऊबदार जागा कुठली? कौन्सिलर बाईंकडे उत्तर नव्हतं. पण त्यांनी ते शब्दशः लिहून घेतलं आणि बैठकीत तसंच वाचून दाखवलं. आपल्याकडे नगरसेवक भेटतो, नाही असं नाही. पण तो भेटतो त्याच्या सोयीने, आणि ओळखीच्यांना आधी.

---

माणदेशी

धागा वाचतेय, फार शिकायला मिळतंय. एकच भर घालते. पन्नास टक्के महिला आरक्षण आलं त्याला दीड दशक होत आलं, पण आमच्या गावात अजून अंदाजपत्रकाची प्रत नगरसेविकेच्या घरी तिच्या नवऱ्याच्या हातात दिली जाते. मी स्वतः पाहिलंय. बाई स्वयंपाकघरातून बघत होती. तिला मसुदा रात्री मिळाला, भांडी झाल्यावर. अशा बायकांसाठी कृष्णाकाठ ताईंनी त्या तिघींना सांगितलं तसं कुणीतरी घरी बसून सांगायला हवं. अधिकाऱ्यांनीही प्रत सदस्याच्याच हातात द्यावी, सही सदस्याचीच घ्यावी.

आणि क्षेत्रसभांचं काय? २००९ मध्ये आपल्या राज्याने कायद्यात तरतूद केली, दोन-चार मतदान केंद्रांमागे एक सभा, गावातल्या ग्रामसभेसारखी. त्या खरोखर भरल्या असत्या तर मावशींना थेट तिथेच विचारता आलं असतं की किल्ली कुणाकडे आहे.

---

कृष्णाकाठ

माणदेशी, मीही पाच वर्षांत एकही क्षेत्रसभा पाहिली नाही. आमच्या प्रभागात मी शाळेच्या ओट्यावर दर दोन महिन्यांनी लोकांना बोलवत असे, पण ते माझ्या मनाने. कायद्याने भरली असती तर माझ्यानंतरही चालू राहिली असती. हीच खंत आहे. चांगलं काम माणसाबरोबर येतं आणि माणसाबरोबर जातं.

आणि प्रतीबद्दल बोललात ते फार खरं. पहिल्या वर्षी माझीही प्रत यांच्याच हातात दिली होती. दुसऱ्या वर्षी मी कार्यालयात जाऊन स्वतः सही करून घेतली. शिपाई जरा गोंधळला, मग त्याने खुर्ची दिली.

---

नवाभिडू

सभा झाली. दायित्वाचा आकडा मी लेखी मागितला होता, तो सभेत वाचून दाखवावा लागला. सभागृहात दोन मिनिटं कुणी बोललं नाही. नालीची उपसूचना पडली. दिव्यांग निधीची यादी तीन महिन्यांत करायची असा ठराव मात्र एकमताने झाला, सूचक सत्ताधारी पक्षाचे. आरोहीचे बाबा, तुमचा यादीचा नमुना पाठवाल का? प्रमाणपत्र नसलेल्यांसाठी रकाना कसा ठेवला होता तेही सांगा.

---

आरोहीचा_बाबा

पाठवतो. त्यात 'घरातून बाहेर नेता येतं का' असा एक रकाना जरूर ठेवा. आम्ही पहिल्या वेळी विसरलो होतो, मग सगळी घरं परत फिरावी लागली.

---

कृष्णाकाठ

आमच्याकडचीही सभा परवा झाली. मी प्रेक्षकांत बसले होते. त्या तिघींपैकी जी सगळ्यात कमी बोलते तिने उपसूचना वाचली. आवाज थरथरत होता, पण हेडचं नाव, रक्कम, मागच्या तीन वर्षांचे आकडे सगळं बरोबर. बचत गटाचा करार तीन वर्षांचा करावा आणि शौचालयाचं वीजबिल दिवाबत्तीच्या हेडमधून नियमित भरावं, म्हणजे पुन्हा मीटर जायचं नाही, असं तिने स्वतः सुचवलं. हे मला माझ्या वेळी सुचलं नव्हतं. मंजूर झालं.

तरतूद एप्रिलपासून. फाईलचं पहिलं पान आज तिने वहीत लिहिलंय, तारखेसह. मंगळवारी आम्ही दोघी बाजारात जाणार आहोत. मावशी अजून त्याच जागी बसतात, चिंचेखाली. मीटर परत बसेपर्यंत त्यांना आणि बाजूच्या बायकांना जवळच्या शाळेतलं स्वच्छतागृह मंगळवारपुरतं उघडून मिळतं का, हे मुख्याध्यापकांना विचारायचंय.